ज्या दिवाळीत मोहल्ल्यांनी मिरवणुकीचा मार्ग ठरवला

अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदुरात झांक्या कोणत्या रस्त्याने जातात हे इथल्या मराठी घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. जेल रोड, एम. जी. रोड, कृष्णपुरा, नंदलालपुरा, जवाहर मार्ग, सीतलामाता बाजार, गोराकुंड, खजुरी बाजार आणि राजवाडा. ज्यांचे घर या मार्गावर, त्यांच्याकडे त्या रात्री सगळे नातेवाईक हजर. एरवी वर्षभर न फिरकणारा चुलतभाऊसुद्धा संध्याकाळी सातलाच गॅलरीत जागा धरून बसतो. ज्यांचे घर आतल्या गल्लीत, त्यांनी सतरंजी घेऊन रस्त्यावर यायचे. मार्ग परंपरेने ठरलेला, त्यात कोणाचे काही चालत नाही.

याच शहरात एक मिरवणूक मात्र अशी निघाली होती की तिचा मार्ग परंपरेने ठरवला नव्हता, दरबाराने ठरवला नव्हता आणि पोलिसांनीही ठरवला नव्हता. तो ठरवला मोहल्ल्यांनी, आणि तोही हातात झाडू, चुन्याची बादली आणि कुदळ घेऊन. ते वर्ष १९१७. दिवाळीचे दिवस. त्या मिरवणुकीची हकीकत नगररचनेच्या परदेशी विद्यार्थ्यांना माहीत असते, आणि ज्यांच्या पणजोबांनी ती कदाचित ओटल्यावर उभे राहून पाहिली त्यांच्या घरी तिचे नावही निघत नाही. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी हा विषय घेतला.

१९१७ हे वर्ष इंदूरच्या मराठी समाजाला एरवी चांगले आठवावे असे आहे. त्या वर्षीचे मराठी साहित्य संमेलन इंदुरात झाले, गणेश जनार्दन आगाशे अध्यक्ष होते. पुढच्याच वर्षी हिंदी साहित्य संमेलनही इथेच भरले आणि त्याचे अध्यक्षपद महात्मा गांधींकडे होते. गादीवर तिसरे तुकोजीराव होळकर होते. कापडाच्या गिरण्या निघत होत्या, शहर वाढत होते. आणि त्याच शहरात प्लेग होता.

प्लेग या शब्दाला मराठी घरांत एक वेगळा आवाज आहे. १८९६ मध्ये तो मुंबईत उतरला, १८९७ मध्ये पुण्यात पसरला. पुण्यातल्या बंदोबस्ताची कथा शाळेतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. गोरे शिपाई घरात शिरत, देवघरापर्यंत जात, सामान बाहेर काढून जाळत, माणसांना उचलून छावणीत नेत. त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर झाडलेल्या गोळीत झाला. तेव्हा सरकारने रोगाशी लढायचे म्हणून लोकांशीच लढाई केली होती. त्यानंतरच्या वीस वर्षांत रोगाविषयीचे ज्ञान पुष्कळ पुढे गेले. प्लेग उंदरांमध्ये पसरतो, उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा माणसाकडे वळतात आणि त्यांच्या चाव्याने रोग माणसाला होतो, हे सिद्ध झाले होते. म्हणजे प्रश्न धान्याच्या कोठीचा, पोकळ मातीच्या भिंतीचा, परसातल्या ढिगाचा आणि पडक्या घराचा होता. तो घराघरात होता आणि घरात शिपाई पाठवून तो सुटत नाही हे पुण्याने दाखवून दिले होते.

अशा वेळी तुकोजीरावांच्या दरबाराच्या बोलावण्यावरून पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश गृहस्थ शहराची पाहणी करायला इंदुरात होते. वय साठीच्या पुढे, पांढरी दाढी, विस्कटलेले केस. मूळचे ते इंजिनिअर नव्हते, वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. तरुणपणी मेक्सिकोत असताना डोळे बिघडले, काही काळ अंधारात काढावा लागला, सूक्ष्मदर्शकाचे काम सुटले आणि हळूहळू ते झाडांकडून शहरांकडे वळले. १८८६ मध्ये नवी नवरी ॲना हिला घेऊन ते एडिंबरोच्या जुन्या, पडक्या, गरीब वस्तीत राहायला गेले आणि शेजाऱ्यांना बरोबर घेऊन जिने धुणे, भिंती रंगवणे, खिडकीत फुले लावणे अशी कामे त्यांनी सुरू केली. त्यांची नगररचना तिथून सुरू झाली. मोहल्ला सुधारायचा तर आधी त्यात राहायचे, हा त्यांचा खाक्या.

इंदूरच्या त्या दिवाळीकडे पाहताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यांचा थोरला मुलगा फ्रान्सच्या रणांगणावर मारला गेला होता. जूनमध्ये ॲना हिंदुस्थानातच आजारपणाने गेली. ती आजारी असताना मुलाच्या मृत्यूची बातमी त्यांनी तिच्यापासून लपवून ठेवली होती. हा माणूस अशा वर्षात, परक्या गावात, लोकांच्या सणाची तयारी करत होता.

पुढची हकीकत मुख्यतः गेडिस यांनी स्वतः सांगितलेली आणि त्यांच्या एका शिष्येने पुस्तकात लिहून ठेवलेली आहे. सांगणारा गोष्टीत रंग भरणारा होता, हे धरून चालावे. तरी तिचा गाभा खरा आहे.

गेडिस हातात नकाशे घेऊन गल्लीबोळांतून हिंडत. गल्ल्यांत पायी जाणे, प्रत्येक घर, झाड, विहीर, देऊळ पाहणे ही त्यांची पद्धत. एके दिवशी त्यांच्या ध्यानात आले की लोक आपल्याकडे विचित्र नजरेने पाहतात, पोरे बोट दाखवतात. सोबतच्या माणसाला त्यांनी विचारले, ही पोरे काय म्हणताहेत? तो आधी सांगेना. मग त्याने सांगितले, प्लेग आणणारा म्हातारा साहेब तो हाच, असे म्हणताहेत.

यात पोरांचे काय चुकले? नकाशा घेऊन साहेब गल्लीत आला की पाठोपाठ घर पाडणारे येतात, हा अनुभव त्या काळी गावोगाव होता. पुण्याच्या गोष्टी इंदुरात पोचल्या होत्याच, कारण निम्म्या घरांचे सोयरे तिकडचे. गेडिस यांना मात्र हे फार लागले. आपण ज्यांच्यासाठी काम करतो ती माणसे आपल्याला रोग समजतात, तर अहवाल लिहून उपयोग काय, असा विचार करून ते दरबारात गेले आणि त्यांनी एक अजब मागणी केली. मला एका दिवसापुरते महाराज करा.

तुकोजीरावांनी ते मान्य केले. हत्ती, घोडदळ, तोफा, सरकारी कारागीर, नगरपालिका, सगळे या पाहुण्याच्या हुकमात आले. मग गावात जाहीर झाले की यंदा दिवाळीत मोठी मिरवणूक निघणार आहे. हिंदूंच्या मिरवणुकीचा नेहमीचा रस्ता ती घेणार नाही, मुसलमानांच्या मिरवणुकीचाही नाही. ज्या मोहल्ल्यांत जास्तीत जास्त घरे झाडूनपुसून, डागडुजी करून, रंगवून तयार असतील, त्या मोहल्ल्यांतून ती जाईल. घरातला आणि परसातला कचरा फुकट उचलून नेला जाईल.

आता आपल्या लोकांचा स्वभाव सांगायला नको. शेजारच्या गल्लीत पालखी येते आणि आपल्या गल्लीत येत नाही, हे कोणाला खपते? देवळे धुतली गेली, रंगवली गेली. माळ्यावरची वर्षानुवर्षांची अडगळ खाली आली. दिवाळीची साफसफाई तशीही घरोघरी होतच असते, गेडिस यांनी तीच रीत उचलली आणि उंबऱ्याबाहेर गल्लीपर्यंत नेली. सहा हजारांहून अधिक गाड्या कचरा गावाबाहेर गेला, असे त्यांनी सांगितले आहे. त्याबरोबर उंदरांची बिळेही उघडी पडली आणि उंदीर मारले गेले. पुण्यात जे काम बंदुकीच्या दस्त्याने झाले नव्हते ते इथे, आपल्या दारावरून हत्ती जावा या हौसेने झाले.

आणि मिरवणूक निघाली.

सुरुवातीला नेहमीचा राजेशाही थाट, म्हणजे घोडेस्वार, उंट, हत्ती, तोफखाना. मग पिकापाण्याचा आणि लक्ष्मीचा देखावा, कापसासह, कारण माळवा आणि निमाड कापसाचा प्रदेश. इथवर लोकांना ओळखीचे. त्यानंतर वाद्यांचा सूर बदलला. कर्कश, बेसूर वाजंत्री, आणि मागून गाड्यांवर पडक्या, अंधाऱ्या, कोंदट घरांचे नमुने. त्यांच्याबरोबर वाघ आणि राक्षस, म्हणजे रोगराईची सोंगे. मग घाणीचा प्रचंड राक्षस. आणि शेवटी प्लेगचा अवाढव्य उंदीर, अंगावर पिसवा थरथरताहेत असा. हिवतापाचे मोठाले डासही होते. ज्यांना पिसू आणि प्लेग यांचा संबंध कोणी व्याख्यान देऊन पटवू शकले नसते, त्यांना तो भर बाजारात डोळ्यांनी दिसला. आपल्याकडे देखाव्यांतून लोकशिक्षण करायचे हे लोकमान्यांच्या गणेशोत्सवाने रुजवलेच होते. स्कॉटलंडच्या या माणसाला ते कोणी शिकवले होते की त्याला आपोआप सुचले, देव जाणे.

उंदीर पुढे गेला, थोडे अंतर मोकळे राहिले, वाद्ये पुन्हा आनंदाने वाजू लागली. आणि आता आले शहरातले झाडूवाले.

या ठिकाणी आपण जरा थांबले पाहिजे. १९१७ साली मेहतर समाजाचे माणूस भर मिरवणुकीत, सवर्णांच्या मोहल्ल्यांतून, सणाच्या दिवशी, मानाने चालते आहे ही गोष्ट आपल्या घरातल्या त्या काळच्या रीतिरिवाजांशी ताडून पाहावी. ज्यांची सावली टाळली जाई ती माणसे स्वच्छ पांढरे कपडे आणि नवे फेटे घालून, नव्या झाडूंसह, दोन रांगांत येत होती. त्यांच्या कचऱ्याच्या गाड्या रंगवलेल्या, बैल सजवलेले, फुलांच्या माळा. त्या फेट्यांचा रंग शहराचा म्हणून ठरवलेला होता, आणि नगरपालिकेच्या लहानथोर अधिकाऱ्यांनीही त्याच रंगाचे फेटे बांधले होते. एका रंगात वरिष्ठ आणि झाडूवाला! त्या दिवसाने जात गेली नाही, दुसऱ्या दिवशी सगळे आपापल्या जागी परतले असणार. तरीही ज्याने हे घडवून आणले त्याला प्लेगचे औषध कोणाच्या हातात आहे हे नीट कळले होते.

झाडूवाल्यांच्या मागे एक नवी देवता होती, इंदूर नगरी. तिच्या निशाणावर शहराचा नकाशा काढलेला. त्यामागे पुढे बांधायच्या इमारतींचे नमुने, ग्रंथालय, संग्रहालय, नाट्यगृह, नवी घरे. मग ती बांधणारे गवंडी, सुतार, लोहार असे कारागीर. आणि शेवटी फुलाफळांच्या गाड्या आणि तुळशीची रोपे, घरोघरी फुकट वाटण्यासाठी. तुळस ही निवड फार मार्मिक होती. तुळशीवृंदावन ज्या अंगणात आहे ते अंगण रोज झाडले जाते, सारवले जाते, तिथे कचरा टाकायची कोणाची छाती होत नाही. आरोग्यखात्याला जी शिस्त कायद्याने लावता येत नाही ती आपल्या आज्यांनी एका रोपाने लावली होती, आणि हे ओळखले परदेशातून आलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञाने.

रात्री एका बागेत घाणीचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर जाळला, दसऱ्याला रावण जाळतात तसा, दारूकामाच्या आतषबाजीत. त्यानंतर गेडिस गल्लीतून जाऊ लागले की पोरे पुन्हा बोट दाखवीत. प्लेग घालवणारा म्हातारा साहेब तो हाच!

एका मिरवणुकीने प्लेग गेला असे मात्र आपण म्हणू नये. प्लेगची साथ ऋतूप्रमाणे चढते आणि उतरते. पण हजारो गाड्या कचरा घरांतून गेला, उंदरांचे आसरे मोडले, हा फायदा खराच होता. आणि त्याहून मोठा फायदा म्हणजे नकाशावाला साहेब दिसला की दार लावून घेणारे लोक आता त्याच्याशी बोलू लागले.

१९१८ मध्ये गेडिस यांचा इंदूर दरबाराला दिलेला अहवाल दोन खंडांत छापला गेला. होळकर सरकारच्याच छापखान्यात. जगात नगररचनेवर जे काही महत्त्वाचे लिहिले गेले त्यात या अहवालाचे नाव आजही घेतले जाते. दुसऱ्या खंडात मध्य हिंदुस्थानासाठी विद्यापीठ कसे असावे याचा विचार आहे. आपल्याला इथे काम आहे ते पहिल्या खंडाशी, त्यातल्या मोहल्ल्यांशी.

त्या काळी शहर सुधारायचे म्हणजे नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारायची आणि रेघेत येईल ते पाडायचे अशी रीत होती. हवा खेळली पाहिजे, गाडी गेली पाहिजे, मग मध्ये कोणाचे घर का असेना. गेडिस यांचे म्हणणे याच्या उलट. शहर हे जिवंत शरीर आहे, त्यावर वैद्याने हात जपून चालवावा. आधी प्रत्येक गल्ली पायी पाहा. कोणते घर पडीक आहे, कोणते नुसते मळके आहे, कोणते उत्तम आहे याची नोंद करा. पडीक घर काढले की तिथे छोटी मोकळी जागा मिळते. अशा दोन-चार जागा जोडल्या की एक चौक होतो, त्यात झाड लावा, पार बांधा, मुले खेळतील, बायका बसतील. रस्ता जिथे अडतो तिथेच रुंद करा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन्ही बाजूंची घरे कापत जाऊ नका. त्यांनी याला जपून केलेली शस्त्रक्रिया म्हटले. खर्च कितीतरी कमी, आणि बेघर होणारी माणसे मोजकी. घर पाडल्याने गर्दी कमी होत नाही, बेघर झालेला माणूस शेजारच्या गल्लीत जाऊन तिथली गर्दी वाढवतो, हे तर त्यांनी हिंदुस्थानातल्या अनेक शहरांच्या अहवालांत पुन्हा पुन्हा सांगितले.

सांडपाण्याच्या खर्चिक योजनेवरही त्यांनी टीका केली. मोऱ्यांसाठी सगळी तिजोरी रिकामी करून वस्तीला काहीच उरू नये हे त्यांना मान्य नव्हते. मैला आणि ओला कचरा नदीत न सोडता बागांना खत म्हणून वापरावा, कान्ह आणि सरस्वती यांचे काठ मोकळे करून तिथे बागा कराव्यात, असा त्यांचा आग्रह होता. आणि विहिरी. नळाचे पाणी आले की विहिरी बुजवायच्या, ही त्या काळच्या आरोग्यखात्यांची पद्धत त्यांना मुळीच पसंत नव्हती. नळाची व्यवस्था कधी ना कधी बिघडतेच. विहीर स्वच्छ ठेवावी, उपसावी, तिच्याभोवती झाड आणि पार ठेवावा, म्हणजे अडीनडीला पाणी असते, असे ते सांगत.

या सगळ्यातले किती झाले? शहराच्या पूर्वेकडे नव्या वस्त्या मोकळ्या, झाडीच्या झाल्या, त्यात या विचारांचा वाटा आहे. जुन्या मोहल्ल्यांच्या बाबतीत मात्र बरेचसे कागदावरच राहिले. तुकोजीरावांना १९२६ मध्ये गादी सोडावी लागली. गेडिस त्याआधीच, १९१९ मध्ये, मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे पहिले प्राध्यापक म्हणून गेले. गो. स. घुर्ये हे त्यांनीच निवडलेले विद्यार्थी, ज्यांनी पुढे भारतीय समाजशास्त्राचा पाया घातला. इंदुरात मात्र अहवाल राहिला आणि माणूस गेला.

शंभर वर्षांनी काय दिसते? एका बाबतीत गेडिस यांनी पाठ थोपटली असती. २०१७ पासून स्वच्छतेच्या सर्वेक्षणात इंदूर सलग पहिले आहे. दारात गाडी येते, तिचे गाणे आता आरतीइतके पाठ झाले आहे, ओला आणि सुका कचरा वेगळा दिला नाही तर गाडीवाला घेत नाही. ओल्या कचऱ्यापासून गॅस करण्याचा मोठा प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला. पुण्यामुंबईचे पाहुणे आले की आपण त्यांना सराफ्यात गराडू आणि जोशींचा दहीवडा खाऊ घालतो आणि द्रोण रस्त्यावर टाकू देत नाही, याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावा. मोहल्ल्यामोहल्ल्यांतली चढाओढ हे १९१७ चे तंत्र इथे पुन्हा उपयोगी पडले.

पण अहवालाचा उरलेला भाग? ३० मार्च २०२३ रोजी, रामनवमीला, पटेल नगर भागातल्या एका देवळात हवन चालू असताना जमीन खचली आणि माणसे खाली पाण्यात गेली. ती जमीन नव्हतीच. ते एका जुन्या बावडीवर टाकलेले छत होते. ३६ माणसे गेली. काही दिवसांनी देऊळ पाडले आणि बावडी मातीने भरून टाकली. म्हणजे आधी झाकली, मग बुजवली. उपसून, कठडा बांधून, पाणी ठेवणे हा तिसरा मार्ग कोणाच्या मनात आला तरी का? आणि २०२५ च्या डिसेंबरअखेर भागीरथपुऱ्यात पिण्याच्या नळाच्या पाण्यात सांडपाणी मिसळले. घरोघरी जुलाब, उलट्या, दवाखान्यांत रांगा, माणसे दगावली. देशातल्या सर्वांत स्वच्छ शहरात. रस्ता झाडलेला दिसतो, नळाच्या आतले दिसत नाही. नर्मदेचे पाणी इंदुरात यावे म्हणून १९७० मध्ये या शहराने पक्ष, धर्म, भाषा विसरून आंदोलन केले होते, त्यात अनेक मराठी घरांतली मुले होती. १९७८ मध्ये पाणी आले आणि आपण निश्चिंत झालो. परसातला आड त्या निश्चिंतीत गेला.

आणि रस्ते. गेल्या दहा वर्षांत स्मार्ट सिटीच्या कामात राजवाड्याभोवतीचे, बडा गणपतीपासून कृष्णपुऱ्यापर्यंतचे आणि आजूबाजूचे रस्ते रुंद झाले. घरांवर खुणा पडल्या आणि खुणेपर्यंतचे घर गेले. यात सगळेच वाईट झाले असे मी म्हणणार नाही. ज्या गल्लीत अग्निशमनाचा बंब शिरत नाही त्या गल्लीत आग लागली तर काय होते हे सराफ्याजवळ राहणाऱ्यांना विचारा. म्हातारे माणूस आजारी पडले की खाटेवर घालून चौकापर्यंत न्यावे लागे, तेही आपण विसरू नये.

पण वाड्याची बांधणी ज्यांना ठाऊक आहे त्यांना दहा-बारा फूट कापणे म्हणजे काय ते कळेल. आधी ओटला जातो. रस्त्यावरच्या माणसाला बसायला आणि घरातल्या माणसाला रस्ता पाहायला असलेली ती जागा. मग दिंडी दरवाजा आणि ओसरी. लाकडी खांब, तुळया, कोरीव कमानी हे सगळे पुढच्याच भागात. मागचा चौक, आड आणि न्हाणीघर उरते, त्याला पुढून शटर लागते आणि वर काच. कायद्याने घर शिल्लक असते. पण त्यात राहावेसे वाटत नाही, आणि मुले सुदामा नगरात किंवा बायपासच्या पलीकडे फ्लॅट घेतात. मल्हारगंज, रामबाग, नारायण बाग, जुनी इंदूर या भागांतली किती मराठी घरे अशी हलली हे आपल्याच मंडळाच्या वर्गणीच्या जुन्या पावत्यांवरून दिसेल. पूर्वी एका संध्याकाळी पायी वर्गणी गोळा होई. आता कार्यकर्त्यांना दुचाकीवर चार रविवार लागतात.

आता प्रश्न भुयारी मेट्रोचा आहे. राजवाड्याजवळ स्थानक व्हावे की नको, यावर व्यापारी, रहिवासी आणि वास्तुतज्ज्ञ बोलत आहेत. राजवाड्याने स्वतः काय कमी सोसले? १८०१ मध्ये सर्जेराव घाटग्याने जाळला, तात्या जोगांनी उभा केला, १९८४ च्या दंगलीत पुन्हा जळाला आणि या शतकात पुन्हा बांधला. मेट्रो नको असे म्हणण्यात अर्थ नाही. पण पाहणी गल्लीगल्लीतून पायी झाली का, कोणते घर पडीक आणि कोणते नुसते जुने याची यादी कोणी केली का, विहिरी नकाशावर आल्या का, हे तीन प्रश्न रहिवाशांच्या बैठकीत विचारता येतील. ते नवे नाहीत, १९१८ साली होळकर सरकारने छापलेले आहेत, एवढे सांगितले तरी समोरच्या अधिकाऱ्याला जरा विचार करावा लागेल. आणि ती यादी करायला निगमची वाट पाहण्याचीही गरज नाही. आपल्या मंडळात निवृत्त अभियंते, ओव्हरसीअर, शिक्षक, बँकेतले लोक भरपूर आहेत. दहा दिवसांच्या उत्सवात दोन सकाळी प्रत्येकी चार गल्ल्या चालल्या तर यादी होते.

झांक्यांची गोष्टही या विषयाला लागूनच आहे. गिरण्यांच्या झांक्या सुरू झाल्या त्या १९१७ नंतर काही वर्षांनीच. या दोहोंचे नाते जोडण्याचा मोह होतो, पण मी जोडणार नाही. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली. ५,८९५ कामगारांची देणी अडकली, ती मिळायला डिसेंबर २०२३ उजाडले, तोवर कित्येक कामगार हयात नव्हते. मधल्या बत्तीस वर्षांत भोंगा वाजला नाही, पण बंद गिरण्यांच्या कामगारांनी वर्गणी काढून झांक्या मात्र आणल्या. आपला मोहल्ला, आपली गिरणी, आपली झांकी ही जिद्द या शहरात अजून आहे. गेडिस यांनी तिच्याच भरवशावर सहा हजार गाड्या कचरा काढला होता.

आता अनंत चतुर्दशीची पहाट झाली, शेवटची झांकी राजवाड्यावरून गेली की लोक डोळे चोळत घरी जातात. रस्त्यावर चपला, कागद, पाण्याच्या बाटल्या, फुटाण्यांच्या पुड्या. त्याच वेळी निगमच्या गाड्या आणि झाडू घेतलेले स्त्री-पुरुष येतात आणि दुकाने उघडायच्या आत सगळा मार्ग धुऊन निघतो. सकाळी दुधाला बाहेर पडणाऱ्याला रात्री इथून काही गेले होते याची खूणही दिसत नाही. रंगपंचमीच्या गेरनंतरही तेच. मिरवणूक संपल्यावर, गर्दी घरी गेल्यावर ही माणसे येतात. १९१७ च्या दिवाळीत ती मिरवणुकीच्या मध्यभागी होती, इंदूर नगरीच्या देवतेच्या लगेच पुढे, शहराच्या रंगाचे फेटे बांधून.